डाउनलोड केलेला शॉर्टकट उघडण्याआधी

झिपमधून आलेल्या ‘पीडीएफ’वर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर डबल-क्लिक नको. तो शॉर्टकट असतो, म्हणजे दुसरी फाइल किंवा कमांड चालवणारा दुवा. त्याचं ‘एलएनके’ हे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा फाइलचा प्रकार) विंडोज एरवी दाखवतच नाही आणि आयकॉन कुठलाही लावता येतो.

राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘टार्गेट’ची चौकट. तिथे पॉवरशेल, सीएमडी किंवा एमएसएचटीए (कमांड वा स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचे प्रोग्रॅम) दिसलं की फाइल सरळ डिलीट. मात्र नुसतं टार्गेट साधं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. 2025च्या अखेरीपासूनचे अपडेट्स नसलेल्या विंडोजमध्ये या चौकटीत सुरुवातीची साधारण 260 अक्षरंच दिसतात. लबाड मंडळी मध्ये ढीगभर रिकाम्या जागा टाकून खरी कमांड पलीकडे ढकलतात. एक्झिफटूल या फाइलमधली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल वाचली की ‘कमांड लाइन आर्ग्युमेंट्स’मध्ये ती पूर्ण सापडते.

आकारही बघा. शॉर्टकट जेमतेम दोन-चार केबीचा असतो. शेकडो केबी म्हणजे पोटात काहीतरी दडवलेलं. तसंही, खरा दस्तऐवज कुणी शॉर्टकट करून पाठवत नाही.