सात पौंडांवर आली तरी केस बंद करू नका

गणपतीची आरती झाली, प्रसादाची ताटं भरत होते. तेवढ्यात एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी युनिव्हर्सल क्रेडिटवर आहे. वेगळा झालेला नवरा लेकीचे पैसे द्यायला लागला तर माझं बेनिफिट तेवढं कापतील ना? मग मागण्यात काय अर्थ आहे?"

(युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी कमाई असलेल्यांना ब्रिटनचं सरकार देतं ती मासिक मदत.) माझे हात थांबले. हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या बाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "कापतात." मी विश्वास ठेवला आणि पाच महिने अर्जच केला नाही. ते पाच महिने परत मिळाले नाहीत. तिला त्या रात्री जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. हे नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

कापत नाहीत. मुलांसाठी येणारं चाइल्ड मेंटेनन्स युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न म्हणून धरलं जात नाही. आठवड्याला सात पौंड येवोत की दोनशे, तुमचं क्रेडिट तेवढंच राहतं. त्यावर टॅक्सही नाही. कौन्सिल टॅक्सच्या सवलतीचे नियम मात्र इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिल आपापले ठरवते, तेवढं आपल्या कौन्सिलला विचारून घ्या.

आता आपल्या भाषेतली एक अडचण. आपण सगळ्यालाच पोटगी म्हणतो. बायकोला मिळते तीही पोटगी, मुलांना मिळते तीही पोटगी. इथल्या हिशेबात मात्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या स्वतःच्या नावाने मिळणारी पोटगी, म्हणजे स्पाउसल मेंटेनन्स, हे उत्पन्न धरलं जातं आणि पौंडाला पौंड क्रेडिट कमी होतं. मुलांची रक्कम धरत नाहीत. मला हा फरक माहीत नव्हता. पैसे सुरू झाले तेव्हा आपण काही लपवतोय असं होऊ नये म्हणून मी ऑनलाइन खात्यात "मेंटेनन्स, ३६० पौंड" असं इतर उत्पन्नात भरून टाकलं. त्या महिन्याचं क्रेडिट बरोबर ३६० पौंडांनी कमी आलं. भाडं द्यायला बहिणीकडून पैसे घ्यावे लागले. मग जर्नलमध्ये, म्हणजे त्याच खात्यातल्या निरोपांच्या पानावर, लिहिलं की ही रक्कम दोन मुलांचं चाइल्ड मेंटेनन्स आहे, सोबत हिशेबाचं पत्र जोडलं, तेव्हा दुरुस्ती झाली. म्हणून लिहिताना प्रत्येक वेळी "चाइल्ड" हा शब्द घाला. वकिलाकडून समझोता लिहून घेत असाल तर मुलांची रक्कम आणि तुमची रक्कम वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या. एकच ठोक आकडा घातलात तर पुढे कोणता भाग कोणाचा हे सिद्ध करत बसावं लागतं.

आणखी एक जपायचं. ते पैसे खात्यात साठत गेले तर ती बचत होते. बचत ६,००० पौंडांच्या वर गेली की क्रेडिट कमी व्हायला लागतं आणि १६,००० च्या वर गेली की बंदच होतं. थकबाकी एकदम हातात येते तेव्हा हे हमखास विसरलं जातं.

रक्कम कशी ठरते, ते माझ्याच आकड्यांवरून सांगते. आपसात ठरवून पैसे घेता येतात, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण तो द्यायचा थांबला तर हातात काहीच उरत नाही. माझं आणि मुलांच्या बापाचं आपसात जमलं नाही, म्हणून मी चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस या सरकारी खात्याकडे, म्हणजे सीएमएसकडे गेले. ते त्याचा पगार त्याला विचारत बसत नाहीत. एचएमआरसीकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, मागच्या पूर्ण टॅक्स वर्षाचा आकडा घेतात, तोही टॅक्स कापायच्या आधीचा. आठवड्याला २०० ते ८०० पौंड मिळत असतील तर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६, तीन किंवा अधिक असतील तर १९. त्याला तेव्हा ५२० मिळत होते. दोन मुलं, १६ टक्के, म्हणजे आठवड्याला ८३.२० पौंड. त्याच्या नव्या घरात आणखी मुलं असतील तर आधी त्याच्या उत्पन्नातून काही टक्के वजा होतात, एका मुलासाठी ११ टक्के. आमच्यात तसं नव्हतं.

दीड वर्षानं त्याची नोकरी गेली आणि तो स्वतःच युनिव्हर्सल क्रेडिटवर आला. मला पत्र आलं: यापुढे आठवड्याला ७ पौंड. दोन मुलांचे मिळून सात, प्रत्येकी नव्हे. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि ठरवलं, केस बंद करायची. सात पौंडांसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. थोरल्यानं विचारलं, "आई, बंद केलीस आणि बाबांना काम लागलं तर परत सगळं पहिल्यापासून?" त्याच्या या प्रश्नानं मी थांबले.

म्हणूनच सांगते, केस बंद करू नका. देणारा पालक बेनिफिटवर गेला की तो सपाट दर लागतो. कमाई शून्य असलेलं युनिव्हर्सल क्रेडिट, जॉबसीकर्स अलाउन्स, ईएसए (आजारपणाचा भत्ता), पेन्शन क्रेडिट अशी बेनिफिट्स त्यात येतात. पण केस उघडी राहते, त्याला पुन्हा काम लागलं की त्याच केसवर नवा हिशेब होतो. बंद करून नव्याने अर्ज केलात तर मधल्या काळाचं काही मिळत नाही. देणं सुरू होतं ते सीएमएस त्याला कळवते त्या तारखेपासून, तुम्ही वेगळे झालात त्या तारखेपासून नव्हे. माझे पाच महिने गेले ते याच नियमानं.

आता सगळ्यात जास्त फसवणूक जिथं होते ते. "मी युनिव्हर्सल क्रेडिटवर आहे, मला सातच लागू", असं अनेक बाप सांगतात. काही जणांना खरंच तसं वाटत असतं. पण क्रेडिट घेत असताना तो कमावतही असेल तर सात पौंडांचा दर लागत नाही. त्याच्या कमाईवर हिशेब होतो. माझ्या मुलांच्या बापाला सहा महिन्यांनी एका गोदामात अर्धवेळ काम लागलं, आठवड्याला १८० पौंड, आणि वरून थोडं क्रेडिट चालूच होतं. मी सीएमएसला फोन करून सांगितलं. १०० ते २०० पौंडांमधल्या कमाईचा हिशेब वेगळा असतो: पहिल्या शंभरावर ७, आणि शंभराच्या वरच्या रकमेवर दोन मुलांसाठी २५ टक्के (एकासाठी १७, तिघांसाठी ३१). ऐंशीचे पंचवीस टक्के वीस, अधिक सात, म्हणजे २७ पौंड. पुढे तिथंच तो पूर्णवेळ झाला, ४८० पौंडांवर, आणि रक्कम ७६.८० वर आली. मी केस बंद केली असती तर यातलं काहीच आपोआप झालं नसतं. वर्षातून एकदा सीएमएस स्वतः आकडे तपासते हे खरं, पण तोपर्यंत वाट पाहू नका. काम लागल्याचं कळलं की त्याच आठवड्यात कळवा. एका नोकरीतून दुसरीत गेला आणि पगार बदलला, तर २५ टक्क्यांहून कमी फरकासाठी मधेच हिशेब बदलत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

रोखीनं काम करून कागदावर कमाई न दाखवणारेही भेटतात. सीएमएसकडे आर्थिक तपास करणारा विभाग आहे, त्यांना तुमच्याकडे असलेलं द्या: कामाच्या जाहिराती, गाडीवर रंगवलेलं नाव, तारखा. रागात लिहू नका, जे पाहिलं तेवढंच लिहा.

रात्रींचा हिशेब. मुलं वर्षात ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहिली तर रक्कम एक सप्तमांश कमी होते, १०४ ते १५५ ला दोन सप्तमांश, आणि असंच वर. पण तो बेनिफिटवर असून सात पौंडांच्या दरात असेल आणि मुलं ५२ रात्री किंवा जास्त त्याच्याकडे राहत असतील, तर रक्कम शून्य. दर दुसऱ्या आठवड्याला शुक्रवार-शनिवार म्हणजे बरोबर ५२ रात्री. आमची मुलं एकआड शनिवारी एक रात्र आणि उन्हाळ्यात सात दिवस जायची, म्हणजे ३३. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करत होते, त्यामुळे वाद झालाच नाही. मुलांना बापाकडे पाठवण्याचं पैशाशी गणित घालू नका, त्यांना तो हवा असतो. फक्त झालेल्या रात्री खऱ्या मोजा.

पैसे घेण्याचे दोन मार्ग. डायरेक्ट पे मध्ये सीएमएस आकडा ठरवून देते आणि तो थेट तुमच्या खात्यात भरतो, फी नाही. तो टाळाटाळ करू लागला तर कलेक्ट अँड पे. त्यात त्याला २० टक्के जादा भरावे लागतात आणि तुमच्या रकमेतून ४ टक्के जातात. बेनिफिटवर असेल तर त्याच्या बेनिफिटमधूनच आठवड्याला ८.४० कापतात, तुमच्या हातात ६.७२ येतात. पगारदार असेल तर मालकाकडून पगारातूनच कापून घेता येतात. अर्जाची २० पौंडांची फी फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाली, त्यामुळे आता अर्ज फुकट आहे. गव्ह डॉट यूकेवर भरता येतो. तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील, मुलांच्या जन्मतारखा आणि त्याचा पत्ता किंवा कामाची जागा माहीत असेल तर ती, एवढं जवळ ठेवा. त्यानं मारहाण केली असेल, धमकावलं असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. तुमचा पत्ता त्याला दिला जात नाही, आणि खात्याच्या नंबरवरून तुमचा गाव कळू नये अशी सोयही करता येते.

आपल्यातल्या अनेकींच्या व्हिसावर "नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असं लिहिलेलं असतं, आणि त्या घाबरून गप्प बसतात. चाइल्ड मेंटेनन्स हा सरकारचा पैसा नाही, मुलांच्या बापाचा आहे. तो पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट मोडतं, त्यासाठी मात्र अर्ज करू नका. लग्न झालेलं असण्याचीही अट नाही. तो भारतात परत गेला असेल तर सीएमएसचा हात सहसा तिथं पोचत नाही, तेव्हा कोर्टाची वाट धरावी लागते. इथल्या कंपनीच्या पगारावर राहून बाहेर कामाला गेला असेल तर मात्र सीएमएस केस घेऊ शकते.

पत्रातला आकडा चुकीचा वाटला तर पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत फेरविचार मागा. त्याला मँडेटरी रीकन्सिडरेशन म्हणतात. त्यानंतरही पटलं नाही तर ट्रायब्युनल आहे. मी पाकिटं उघडायला घाबरायचे, दोन-दोन आठवडे तशीच पडायची. आता पाकीट आलं की आधी तारीख पाहते, त्यात ३० मिळवते आणि तो दिवस त्याच फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिते. त्या मुलीलाही मी घरी नेऊन एक कॅलेंडर दिलं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज भरला.