न उडालेल्या विमानाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

मिग किंवा मारुतसारख्या उडालेल्या लढाऊ विमानाचं मॉडेल करताना कुठे अडलं तर फोटो काढून बघता येतो. जे लढाऊ विमान कधी बांधलंच गेलं नाही, त्याचा फोटो नसतो. चूक दाखवून देणारं काहीच समोर नसल्यामुळे ती मॉडेलमध्ये मुरत जाते आणि प्रायमर मारल्यावर एकदम डोळ्यांत येते. कोल्हापुरातली कॉलेजची पोरं अर्धवट कामं दाखवायला आणतात. त्यातला निम्मा बिघाड लाकडाला पटाशी लागण्याआधीच झालेला असतो.

उदाहरणाला टा-१८३ घेऊ. जर्मनीच्या फोके-वुल्फ कंपनीत कुर्ट टँक यांच्या हाताखाली हान्स मुल्थॉप यांनी आखलेलं हे जेट १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा कागदावरच होतं. टँक पुढे अर्जेंटिनात गेले, तिथे त्यांनी पुल्की-२ हे जेट केलं. नंतर ते भारतात आले आणि बेंगळुरूच्या एचएएल या विमान कंपनीत मारुत आखलं, जे १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. मारुतच्या शेजारी टा-१८३ मांडलं की एका माणसाच्या कामाचा सगळा प्रवास नजरेसमोर येतो. म्हणून हे मॉडेल आपल्याकडे व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आराखड्यांची सरमिसळ

टा-१८३ चे एकापेक्षा जास्त आराखडे होते आणि त्यांत शेपटीची मांडणीच वेगळी आहे. पुस्तकांतल्या लांबीच्या आकड्यांचाही मेळ बसत नाही. पोरं बाजूचं चित्र एका ठिकाणाहून घेतात, वरचं दुसऱ्या ठिकाणाहून, आणि मग पंखाचं मूळ धडावर जुळत नाही म्हणून पुट्टी भरत बसतात. एकच आराखडा धरा. जे माप त्यात नाही आणि तुम्ही अंदाजाने ठरवलंय, ते लाल पेनने लिहा. पुढे काही बदलायची वेळ आली तर लाल माप बदलायचं, काळं नाही.

पंखांचा विस्तार १० मीटर, म्हणजे १/४८ स्केलला (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाला) २०८.३ मिमी. झेरॉक्सवर चित्र मोठं करून आणल्यावर हे माप घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. मूळ कागदावर आडवी आणि उभी अशा १०० मिमीच्या दोन रेघा मारून मगच झेरॉक्स काढा. यंत्र दोन्ही दिशांना सारखं ताणत नाही. पंख ४० अंश मागे कललेला आहे. तिथे एका अंशाची चूक झाली तर या स्केलला टोक जवळजवळ ३ मिमी सरकतं, आणि दोन पंखांत तो फरक पडला तर लांबूनही दिसतो.

पॅटर्नवाल्याची पट्टी

आपल्याकडे फाउंड्री आहेत, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने) करणारे कसलेले कारागीर भेटतात. धडाचा साचा त्यांच्याकडून करून घ्यायचा विचार चांगलाच आहे. फक्त ते कोणत्या पट्टीने मापतात ते आधी विचारा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून त्यांची कॉन्ट्रॅक्शनची पट्टी मुळातच शेकडा एकच्या आसपास मोठी असते. ॲल्युमिनियमची त्याहून मोठी. त्या पट्टीने केलेलं धड दीड-दोन मिमी लांब येतं आणि तुमच्या साध्या पट्टीने केलेले पंख त्यावर बसत नाहीत. चूक कारागिराची नसते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की यातून ओतकाम होणार नाही.

त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की घ्या. धडासाठी अखंड ठोकळा कोरू नका. दोन ठोकळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ते फेविकॉलने चिकटवा आणि मग कोरा. कागदाची ती बारीक करडी रेघ म्हणजे तुमची मध्यरेषा. कितीही तासलं तरी ती पुसली जात नाही. काम झालं की सांध्यात पातळ पटाशी घालून हलकेच ठोका, कागद फाटतो आणि दोन सारख्या फाका सुट्या होतात. टा-१८३ ला नाकातूनच हवा आत जाते, त्यामुळे आतली पोकळी कोरायलाही याच फाका लागतात. नाकाला बाहेरून भोक पाडून काळा रंग देणं ही पळवाट आहे. ती कधीच खरी दिसत नाही.

पंख, शेपूट, वजन

दोन डावे पंख करून ठेवणारे दर वर्षी भेटतात. पंखाचा तुकडा कापल्याबरोबर त्यावर ‘डावा–वर’, ‘उजवा–वर’ लिहा.

टी आकाराच्या शेपटीचं वरचं पातं नुसत्या गोंदावर टिकत नाही. उभं पातं ६० अंश मागे गेलेलं असल्याने सगळा भार एका अरुंद सांध्यावर येतो. आत पितळी तार घाला. बारीक ड्रिल आणि कानशी गुजरी या सराफी पेठेच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतात.

मॉडेल शेपटीवर बसत असेल तर नाकात वजन कमी आहे. हवेच्या नळीभोवती जागा थोडी असते, म्हणून शिसंच लागतं. ते फेविकॉलने मात्र चिकटवू नका. बंद जागेत त्या गोंदामुळे शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि काही वर्षांनी सांधा आतून उकलतो. अरल्डाइट वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा.

पुट्टी आणि रंग

सांधा भरल्यावर गुळगुळीत होता आणि आठवड्याने तिथे खळगा पडला, तर एनसी पुट्टी (थिनर उडून वाळणारी) एकदम जाड लागली आहे. थिनर उडून जातो तशी ती आकसते. खोल जागेला गॅरेजमधली हार्डनरची पुट्टी भरा, एनसी फक्त ओरखड्यांना.

पॅनेलच्या रेघा कमी आणि बारीक ठेवा. १/४८ ला ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ एक सेंटीमीटरची फट. आराखड्यात नसलेली झाकणं मनाने कोरण्यापेक्षा तो भाग कोरा राहिलेला मला केव्हाही चालेल.

जुलैत लॅकर मारला की पांढरट धूर धरल्यासारखा दिसतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. पंचगंगेला पाणी चढलं असताना स्प्रे हातात घेऊच नका. अगदीच अडलं तर रिटार्डर थिनर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, घाला. पांढरट झालेला थर खरवडायची गरज नसते. कोरडा दिवस बघून त्यावर रिटार्डरचा हलका हात फिरवला की बहुतेक वेळा तो पुन्हा स्वच्छ होतो.