विहिरीत बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास का घ्यायचे नाहीत, घरीच करून बघा

मे महिना लागला की गावाकडं विहिरीवर पोरांची पैज ठरलेली, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर कोण येतंय. आणि एखादा मोठा पोरगा सांगतोच, अरे आधी दहा-पंधरा मोठे श्वास घे, दम जास्त टिकतो. मीपण लहानपणी हेच करायचो. यात जीव जाऊ शकतो, आणि का ते कळायला मेंदू श्वास कसा चालवतो हे कळायला पाहिजे. ते खुर्चीत बसून कळतं.

आधी घरातल्या कोणाला तरी सांगा की मला न सांगता एक मिनिट माझे श्वास मोज. स्वतः मोजू नका, लक्ष गेलं की लय बदलतेच. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. ही लय मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, मणक्याला जोडणारा जो देठासारखा भाग आहे, मेड्युला म्हणतात त्याला, तिथल्या पेशी धरतात, तिथून निरोप मानेतल्या नसेनं छातीखालच्या पडद्याला जातो, पडदा खाली सरकतो आणि हवा आत येते. झोपेतही हे चालूच. बोलताना, गाताना, फुंकर मारताना मेंदूचा वरचा भाग थोडा वेळ ताबा घेतो, पण थोडाच वेळ.

आता नेहमीसारखा श्वास सोडा, नाक दाबा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. (दमा, हार्टचा त्रास, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर हे करू नका.) थोडा वेळ काहीच वाटत नाही, मग घसा आवंढा गिळायला लागतो आणि एकदम पोट आत-बाहेर उडतं. तो झटका त्या पडद्याचा. तिथंच नाक सोडा.

बहुतेकांना वाटतं की ऑक्सिजन संपला म्हणून झटका आला. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर बोटाला लावून बघा, आकडा बहुतेकदा फारसा हललेला नसतो. वाढलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड, रक्तातून तो मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो, ते पाणी जरा आंबट होतं आणि मेड्युलाजवळच्या पेशींना ते लगेच कळतं. श्वास घ्यायची ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन शरीरशास्त्रज्ञांनी 1905 मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशीपण आहेत, मानेत जिथं मोठी धमनी दोन फाट्यांत वाटली जाते तिथं, पण ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय त्या जोरात ओरडत नाहीत. कोविडमध्ये ऑक्सिजन 80 च्या घरात आणि पेशंट आरामात फोनवर बोलतोय, असं दिसायचं त्यामागं हेही एक कारण मानतात.

आता विहिरीवर या. पंधरा जोरदार श्वास घेतले तर रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही म्हटलं तरी चालेल, तो आधीच 97-98 टक्के भरलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइड मात्र खूप उतरतो. म्हणजे दम वाढला नाही, धोक्याची घंटा उशिरा वाजायची सोय झाली. पोरगं खाली मजेत असतं, घंटा वाजायच्या आधीच ऑक्सिजन संपतो, शुद्ध जाते, आणि मग मेड्युला आपलं काम करते, श्वास घेते, पाण्यातच. ना हातपाय मारणं ना ओरडणं, काठावर बसलेल्याला वाटतं अजून खालीच आहे.

म्हणून एक-दोन साधे श्वास घ्या आणि बुडी मारा. पोटाचा पहिला झटका आला की गाळ हाताला लागो न लागो, वर या. बुडीला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट तरी काठाला धरून थांबा, मग दुसरी. आधीच भराभर श्वास घेऊन बोटांना, ओठांना मुंग्या आल्या असतील किंवा गरगरत असेल तर त्या वेळी बुडी नाहीच. आणि पोहता येणारा एकजण पायऱ्यांवर कोरडा बसवा, त्याचा मोबाईल काढून घ्या, खाली गेलेल्याचे आकडे त्यानं मोठ्यानं मोजायचे आणि ठरलेल्या आकड्याला डोकं वर दिसलं नाही की वाट न बघता उडी टाकायची.