जपानी निवडणुकीचे शब्द कसे पाठ करायचे (ठाणे, नवी मुंबईच्या जपानीवाल्यांसाठी)

एनथ्री (जपानी भाषा परीक्षेची मधली पातळी) झालं की आपण जपानी बातम्या वाचायला घेतो आणि निवडणूक आली की अडकतो, क्लासच्या पुस्तकात हे शब्द फारसे नसतातच. लिस्ट घोकू नका, एक उमेदवार पकडा आणि अर्जापासून निकालापर्यंत त्याच्या मागे जा.

उमेदवार आपल्या जिल्ह्यातलाच घ्या, अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक. 2019 ला टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तिकडे सगळे योगीच म्हणतात. जपानी नागरिकत्व असल्याशिवाय उभं राहता येत नाही, ते त्यांनी आधीच घेतलं होतं. मला या माणसाचा फार अभिमान आहे.

निवडणूक म्हणजे सेन्क्यो, उभं राहणं रिक्कोहो. पूर्ण वाक्यच पाठ करा, "कुगिकाइ गिइन सेन्क्यो नि रिक्कोहो शिमासु", म्हणजे वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहतोय. सेन्क्योनंतर 'नि' येतो, 'ओ' नाही. पेपरात रिक्कोहोऐवजी शुत्सुबा दिसलं तरी गोंधळू नका, तेच आहे.

मग डिपॉझिट, क्योताकुकिन. आपल्या लोकसभेला जनरलमधून 25,000 रुपये, तिकडे खालच्या सभागृहाच्या एका मतदारसंघाला 30 लाख येन! जप्त झालं की बोश्शू.

प्रचार सेन्क्यो उन्दो, जाहीरनाम्यातलं आश्वासन कोयाकु, स्टेशनबाहेरचं भाषण गाइतो एन्झेत्सु. सेन्क्यो का म्हणजे भोंग्याची गाडी, सकाळी 8 ते रात्री 8 नाव आणि "ओनेगाइ शिमासु" चालू. पण आपल्याकडे ऐरोली, नौपाड्यात उमेदवार सोसायटीचे जिने चढून दारोदार हात जोडतात ना, ते कोबेत्सु होमोन, आणि जपानमध्ये त्याला कायद्याने बंदी आहे, तेव्हा रोलप्लेमध्ये बेल वाजवून मत मागू नका, स्टेशनबाहेरचाच सीन घ्या.

शेवटचे शब्द जोडीने लक्षात ठेवा. तोह्यो मतदान, काइह्यो मतमोजणी, दोन्हीत ह्यो म्हणजे मत. तोसेन जिंकणं, राकुसेन पडणं, दोन्हीतला सेन सेन्क्योमधलाच.

वाचायची प्रॅक्टिस पोस्टरवरून करा, मतदार बहुतेक ठिकाणी उमेदवाराचं नाव हाताने लिहितो म्हणून बरेच जण नाव हिरागाना या सोप्या जपानी लिपीत छापतात, नवख्यालाही जमतं. आणि निकालाच्या रात्री एनएचके (जपानचं सार्वजनिक टीव्ही चॅनेल) लावा, नावापुढे तोकाकु आलं की समजा तो जिंकल्यात जमा, ते तोसेन काकुजित्सुचं छोटं रूप आहे.