तीस दिवस, तीस लेख

सलग ३० दिवस रोज एक लेख लिहायचा असे ठरवले, तेव्हा विषय संपतील हीच भीती होती; प्रत्यक्षात विषय पुरून उरले आणि घोडे अडले ते भलतीकडेच. नवव्या दिवशी रात्री साडेदहाला बसलो आणि पहिलेच वाक्य लिहून खोडण्यात पाऊण तास गेला. वाक्यात ‘पाऊस’ आधी यावा की ‘संध्याकाळ’, एवढ्यावरच मी अडून बसलो होतो.

तेव्हा लक्षात आले की लिहिणे आणि तपासणे ही दोन्ही कामे मी एकाच वेळी करत होतो. दहाव्या दिवसापासून त्यांची फारकत केली: रात्री २५ मिनिटांचा गजर लावून, काहीही न खोडता, सलग कच्चा खर्डा उतरवायचा आणि सकाळी ताज्या मनाने तो दुरुस्त करायचा. शिवाय उठण्यापूर्वी उद्याच्या लेखाचे पहिले वाक्य मुद्दाम अर्धवट लिहून ठेवू लागलो. अपुरे वाक्य समोर दिसले की ते पुरे केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा स्वभाव इथे कधी नव्हे तो उपयोगी पडला.

सतराव्या दिवशी तापाने फणफणलो होतो, तेव्हा सहा ओळींवर भागवले आणि त्यालाही लेखच म्हटले. (नियम माझेच होते.)

महिनाअखेर सगळे एका बैठकीत वाचले. सात लेखांची सुरुवात ‘खरे तर’ने झाली होती. पुन्हा वाचावेसे वाटले ते जेमतेम पाच, त्यांतले चार दहाव्या दिवसानंतरचे. एकतिसाव्या दिवसासाठी लिहिलेले अर्धे वाक्य मात्र वहीत अजून तसेच आहे.