डायनासोर बघायला खान्देशातून बाघला निघालात? या चुका टाळा

"काका, डायनासोर कुठे आहे?" मध्य प्रदेशातल्या बाघजवळच्या उघड्या माळावर माझ्या सात वर्षांच्या पुतण्याने हा प्रश्न तीनदा विचारला आणि चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डायनासोरचं अंडं त्याच्या पायापासून हातभर अंतरावर होतं. त्याला ते दिसेना, कारण महिनाभर मी त्याला हाडांच्या सांगाड्याच्याच गोष्टी सांगत होतो. त्यानंतर शिरपूरहून आणखी दोनदा घरच्यांना घेऊन तिकडे गेलो. पहिल्या फेरीत जे चुकलं ते पुढच्या दोन फेऱ्यांत सुधारलं. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आधी वाचा.

सांगाडा दाखवायचं कबूल करू नका

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ, कुक्षी, मनावर या पट्ट्यात जे आहे ते मुख्यतः अंडी आणि घरटी. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी इथल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही अंडी टायटनोसॉर या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या प्रचंड डायनासोरांची. अंडं मात्र १५ ते १७ सेंटीमीटरचं, म्हणजे नाश्त्याच्या प्लेटएवढं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, पाडल्या गावाजवळच्या एका अंड्यात दुसरं अंडं सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. असं पक्ष्यांमध्ये कधीकधी घडतं, डायनासोरमध्ये ते पहिल्यांदाच दिसलं. मुलांना सांगायची खरी गोष्ट ही आहे. निघण्यापूर्वी आठवडाभर रोज रात्री थोडी थोडी सांगा, मग मुलं तिथे पोहोचल्यावर सांगाडा मागत नाहीत, घरटं शोधतात.

तरीही मूल मोठ्या सांगाड्यावर अडूनच बसलं असेल तर बाघला नेऊ नका. त्याच जिल्ह्यात मांडवला (मांडूला) डायनासोर पार्क आणि जीवाश्मांचं संग्रहालय आहे. लहान मुलांना तिथे जास्त रमता येतं आणि किल्लाही बघून होतो. दोन मुक्काम करायची तयारी असेल तर गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली आहे. राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरची हाडं तिथे निघाली. त्याला २००३ साली नाव मिळालं आणि २०१९ मध्ये गावाजवळ संग्रहालय उघडलं. पण रैयोली ही खान्देशातून एका दिवसाची सहल नव्हे.

"काहीच दिसत नाही" असं झालं तर

हे होतंच. अंडं म्हणजे कोंबडीच्या अंड्यासारखं सुटं, गुळगुळीत काहीतरी असेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पांढरट-करड्या चुनखडीत एक गोल किंवा अर्धगोल रेघ दिसते, आजूबाजूच्या दगडापेक्षा थोडी वेगळ्या रंगाची. ती रेघ म्हणजे कवच. आतला भाग दगडानेच भरलेला असतो. एक गोल सापडला की तिथेच थांबा, दोन पावलांवर दुसरा असतो. एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी आहेत आणि घरटीही एकमेकांना इतकी लागून आहेत की आई अंड्यांवर बसायला परत येत नसावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे ऐकून माझी पुतणी बराच वेळ गप्प होती.

उजेड तिरपा असताना, म्हणजे सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, ही वर्तुळं ठळक उठतात. भर दुपारी सगळा दगड सपाट आणि पांढरा दिसतो. आमची पहिली फेरी बारा वाजता पोहोचली होती, निम्मी निराशा तिथूनच आली. कवच नीट दिसावं म्हणून खरवडू नका, त्यावर खडूने गोल काढू नका. गावातला जाणकार माणूस बरोबर घ्या आणि त्याला योग्य ते पैसे द्या. जो गोल शोधायला आपल्याला अर्धा तास लागतो, तो तो चालता चालता दाखवतो.

आपल्या काळ्या दगडात अंडी शोधू नका

सहल ठरली की घरातली मुलं शिरपूर, धुळे, साक्रीच्या टेकड्यांवरून गोल दगड आणून "अंडं सापडलं" म्हणायला लागतात. त्यांना रागावू नका, पण फरक दाखवा. आपला काळा दगड हा लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून तो वर आला आणि थरावर थर चढत गेले. धुळे-नंदुरबार भागात शेतातून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतीसारख्या रांगा जातात, त्या या भेगांतच थिजलेल्या लाव्हाच्या. वितळलेल्या दगडात हाड किंवा अंडं टिकत नाही. डायनासोरांची घरटी ज्या चुनखडीत आहेत ती या लाव्हाच्या खालची, आधीची. बाघकडे ती उघडी पडली आहे, आपल्याकडे वर लाव्हाचा जाड थर आहे.

मग ते गोल दगड कसले? काळा दगड झिजताना कोपऱ्यांकडून आधी झिजतो, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा सुटत जातो आणि मध्ये गोटा उरतो. बाजूचा पिवळसर भुगा म्हणजे आपला मुरूम. नखाने पापुद्रा सुटला आणि आत काळाच दगड निघाला तर ते अंडं नाही. पांढऱ्या चकचकीत गारगोट्यांना मुलं दात म्हणतात. त्या लाव्हातल्या पोकळ्यांत तयार झालेल्या असतात.

आणि तापीकाठच्या पिवळ्या मातीत बोटाएवढे, सांध्यासारखे वाकडेतिकडे पांढरे तुकडे सापडतात. मोठी माणसंही त्यांना हाडं समजतात. ते मातीत साचलेल्या चुन्याचे गोळे. तोडून बघा, आत हाडासारखी जाळी नसते.

घळ्या आणि जीवाश्म एकाच दिवशी कोंबू नका

शाळेच्या भूगोलात जिला उत्खातभूमी म्हणतात, ती आपल्या दारात आहे. तापी आणि तिला मिळणाऱ्या पांझरा, अनेर, पूर्णा यांच्या काठी पाण्याने मऊ गाळ कापून कापून घळ्यांचं जंगल केलं आहे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ किंवा मुडावदला कपिलेश्वराच्या आसपास उभं राहिलात तर शेत संपतं आणि पायाखालची जमीन एकदम खोल जाते. चंबळचे फोटो बघून हळहळणारे आपण तापीवरून रोज जातो आणि खिडकीतून बाहेर बघत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पण बाघला जाताना "वाटेत घळ्याही बघून घेऊ" असं ठरवू नका. आम्ही ठरवलं, आधी तापीकाठी वळलो, आणि तिथेच दीड तास गेला. घळ्यांसाठी वेगळी सकाळ काढा. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, सूर्य वर यायच्या आत पोहोचा, अकराला परत या.

तिथल्या चुका मात्र जिवावर येऊ शकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घळीचा काठ वरून पक्का दिसतो, खालून पोकळ असतो. पाण्याने बुडातली माती नेलेली असते आणि वर फक्त गवताच्या मुळांनी धरलेला पापुद्रा असतो. फोटोसाठी मूल काठावर उभं करू नका, काठापासून निदान दोन-तीन मोठ्यांच्या उंचीएवढं लांब थांबा. जमिनीत बिळासारखी भोकं दिसली तर ती साप-उंदरांचीच असतील असं धरू नका. पावसाचं पाणी त्या भोकांतून आत शिरून खालून बोगदा करतं आणि एक दिवस वरचं छत बसतं. तो भाग वळसा घालून टाळा. घळीच्या तळातून चालायचं असेल तर उन्हाळी-हिवाळी कोरड्या दिवसांतच. पावसाळ्यात अजिबात उतरू नका. आपल्याकडे आभाळ निरभ्र असलं तरी वर पाऊस झाला की घळीत पाणी येतं आणि ओल्या भिंती न सांगता सुटतात. भिंतीत पायऱ्या खोदून चढायचा खेळ मुलं करतात, तो लगेच थांबवा.

शिवाय ही जमीन कोणाच्या तरी वावराला लागून आहे. ज्याच्या बांधावरून जायचं त्याला राम राम करून विचारा. दरवर्षी त्याच्या शेताचा तुकडा याच घळीत जातो. आपल्याला जो देखावा वाटतो तो त्याच्या घरचा तोटा आहे, हे मुलांनाही सांगा. आम्हाला एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांच्या लहानपणी बैलगाडीची वाट कुठून जायची ते बोट दाखवून सांगितलं. तिथे आता नुसती हवा होती. कुठल्याही पुस्तकापेक्षा मुलांना तेच लक्षात राहिलं.

रस्ता, वेळ, ऊन

शिरपूर किंवा शहाद्याहून बाघ एका दिवसात होतं, पण पहाटे पाचला निघालात तरच. शिरपूरकर सेंधवा, बडवानी, कुक्षी असे जातात, शहादेकर खेतियावरून. चहा धरून चार तास पकडा. धुळ्याहून अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, मुलं लहान असतील तर दमछाक होते. जळगाव, भुसावळकडच्यांनी मुक्कामच करावा. बिजासन घाटात मुलांना मळमळतं, त्याआधी पोटभर खाऊ घालू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले. एप्रिल-मे महिन्यात नेऊ नका, पांढरा दगड खालूनही तापतो आणि सावली नसते. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे बाजार भरतात. तो उत्सव बघण्यासारखा आहे, पण त्यासाठीच जा. त्या गर्दीतून गाडी काढून जीवाश्म बघणं होत नाही.

खिशात काहीही घालू नका

इथला जीवाश्मांचा भाग २०११ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. क्षेत्र जेमतेम नव्वद हेक्टर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे, एक खडाही उचलता येत नाही. उद्यानाबाहेर शेतात सापडलेल्याचंही तेच समजा. कवचाचा तुकडा घरी आणला की तो कपाटातला एक खडा होतो. जागेवर राहिला तर कोणत्या थरात, कोणत्या घरट्यात, कशाच्या शेजारी होता हे कळतं, आणि अंड्यात अंडं त्यामुळेच ओळखता आलं. मुलांना हात रिकामे वाटतात, म्हणून वही-पेन्सिल द्या. पुतणीने अंड्याभोवतीच्या भेगा मोजून काढलेलं चित्र आजही आमच्या फ्रीजवर आहे.

या भागातले लोक असे गोल दगड शेताची आणि गुरांची राखण करणारा ककड भैरव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले. त्यातले काही डायनासोरची अंडी निघाले. हे सांगितल्यावर आमच्या आजीने हात जोडले. म्हणाली, "हाऊ तं आपला वावरमाना म्हसोबामायक शे." कोणी हसलं असतं तर मला आवडलं नसतं. ज्यांनी देव म्हणून नारळ फोडला त्यांनीच ते दगड इतकी वर्षं सांभाळले.

आजी-आजोबांना गाडीत बसवून ठेवू नका

माळावर चालणं सगळ्यांना जमत नाही, पण बाघमध्ये त्यांच्यासाठी पुष्कळ आहे. बाघनी नदीच्या काठी बौद्ध लेणी आहेत, भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध. अजिंठा बघितलेल्या खान्देशी माणसाला इथला फरक लगेच कळतो. अजिंठा काळ्या दगडात, बाघ वाळूच्या दगडात, म्हणून इथे पडझड जास्त. गावात बाघ प्रिंटचे छापकाम करणारे खत्री कारागीर आहेत. लाकडी ठशांनी लाल-काळी नक्षी उमटताना बघायला आई तासभर बसली. तिथल्या चुनखडीत सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवांचे आणि शिंपल्यांचे जीवाश्मही आहेत, कारण डायनासोरांच्या घरट्यांच्याही आधी, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. हे आजोबांना सांगून बघा. आमचे आजोबा परतीच्या वाटेवर तेवढंच बोलत होते.

आकडा नुसता सांगू नका, मोजून दाखवा

६.६ कोटी हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो. निघायच्या आदल्या दिवशी अंगणात ६.६ मीटर दोरी पसरा. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार वर्षं. दोरीच्या एका टोकाला डायनासोरांचा शेवट आणि आपला काळा दगड, दुसऱ्या टोकाला आज. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आजच्या टोकाला इतका चिकटलेला येतो की खूण करता येत नाही.

त्या टोकापासून अडीच मिलिमीटरवर एक खूण मात्र जरूर करा. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कोरीव नक्षी असलेलं कवच सापडलं, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. कधीकाळी आपल्या खान्देशात शहामृग फिरत होते आणि कोणीतरी त्यांच्या अंड्यावर रेघा कोरत बसलं होतं. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, हे कळल्यावर पुतण्या दोरीच्या टोकाशी पालथा झोपला आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बोटांनी मोजायला लागला. पुढच्या रविवारी आम्ही त्याला पाटणादेवीला नेतोय.