दरबदलानंतरचं महावितरणचं घरगुती बिल असं तपासा

दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. नवे दर लागू झालेली तारीख बघा, मग बिलावरचं मागील आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा.

युनिटचे टप्पे 0–100, 101–300, 301–500 आणि 500 च्या वर. वापर 140 युनिट असेल तर पहिल्या 100 ला पहिलाच दर, वरच्या 40 लाच दुसरा. ‘शंभर ओलांडले की सगळं महाग’ हा गैरसमज आहे.

30 दिवसांच्या बिलात 20 दिवस जुन्या दराचे असतील, तर 150 युनिटपैकी 100 जुन्या दराने, 50 नव्या दराने धरावेत. टप्पेही त्याच प्रमाणात विभागावेत, म्हणजे 100 चा पहिला टप्पा जुन्या दरात सुमारे 67 आणि नव्या दरात सुमारे 33 युनिटांचा. इथे चूक झाली तर भुर्दंड ग्राहकाला बसू शकतो, म्हणून हा हिशेब स्वतः कराच.

वीज आकारात (वापरलेल्या युनिटचे पैसे) स्थिर आकार (दरमहा ठरलेली रक्कम), वहन आकार (वीज पोहोचवण्याचा खर्च) आणि इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातल्या बदलापोटीची रक्कम) मिळवा. या बेरजेवर 16% वीज शुल्क.

काही महिने रीडिंग न घेता सरासरी बिल येऊन एकदम खरं रीडिंग पडलं, तर युनिट त्या महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ मागा. अर्ज लेखी द्या, सोबत मीटरचा फोटो, आणि पोच घ्याच. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.